मेकॅनिक की इंजिनिअर?

(द्वितीय वर्ष, कला)

भोर-वेल्ह्याकडची पुष्कळ माणसे पोटासाठी मुंबईला गेली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी हमालीला लागले. त्यांची कामे गावाला समजत. माझा चुलतभाऊ मात्र विमानतळावर कामाला लागला आणि त्याच्या कामाला काय नाव द्यावे, हा आमच्या घरात प्रश्नच होऊन बसला. तात्या पाहुण्यांना सांगतात, "पोरगा इमानात हाय." पाहुणे विचारतात, "पायलट का?" "न्हाय, मेकॅनिक." लगेच पाहुण्यांचा चेहरा उतरतो. "म्हंजी ग्यारेजात!"

गेल्या वर्षी दादाच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. मध्यस्थ म्हणाले, "कागदावर सरळ इंजिनिअर लिहा. कोण बघायला जातंय?" दादाने साफ नकार दिला. "मी अजून इंजिनिअर नाही, टेक्निशियन आहे," एवढेच तो म्हणाला. स्थळ हुकले. मला तेव्हा हा निव्वळ हट्ट वाटला. पुढे त्याला विचारून आणि थोडे वाचून जे समजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमानाचे काम म्हणजे केवळ बिघडलेले दुरुस्त करणे नव्हे. पेरणी तोंडावर आली की आपण फाळ आधीच लोहाराकडे नेतो, तो मोडायची वाट पाहत नाही. विमानाचेही तसेच आहे. ठरावीक तास उडाले, ठरावीक वेळा उतरले, की ठरावीक भाग तपासायचा किंवा बदलायचाच. कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा हेही पुस्तकात लिहिलेले असते आणि तो जोर मोजणारा पाना वापरावा लागतो. काम संपले की हत्यारे मोजून घ्यायची. एक जरी कमी भरले तरी ते सापडेपर्यंत विमान सोडायचे नाही.

आता नावाचा प्रश्न. हे काम करणाऱ्यांत मुख्यतः दोन पायऱ्या आहेत. प्रत्यक्ष हाताने पुष्कळसे काम करतो तो तंत्रज्ञ, म्हणजे टेक्निशियन. ते काम नियमाप्रमाणे झाले आहे असे पाहून कागदावर सही करतो तो परवानाधारक 'एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर', म्हणजे विमान देखभाल अभियंता. देखभालीनंतर ही सही झाल्याशिवाय वैमानिक कितीही मोठा असला तरी विमान उडवू शकत नाही. आपल्याकडे १९३७ सालच्या विमान नियमांखाली नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हा परवाना देत आले आहे. त्याचेही प्रकार आहेत. 'ए' परवान्यावर नेमून दिलेली साधी कामे करून सही करता येते. 'बी-१' इंजिन व सांगाड्यासाठी, 'बी-२' विजेच्या व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी असतो. मोठ्या तपासणीनंतर संपूर्ण विमान सोडण्याचा अधिकार 'सी' परवान्याला आहे. परवाना ही विद्यापीठाची पदवी नव्हे. त्याला अनेक लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, दोन्ही लागतात.

गंमत अशी की, नावाबद्दल जगाचेही एकमत नाही. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जन्मास आली. तिच्या परवान्याविषयीच्या नियमांत या माणसासाठी टेक्निशियन, इंजिनिअर आणि मेकॅनिक असे तीन शब्द एकत्र दिले आहेत. प्रत्येक देशाने त्यांतला आपल्या पसंतीचा वापरावा. भारत आणि कॅनडा इंजिनिअर म्हणतात. अमेरिकेत सरकारी परवान्यावर 'मेकॅनिक' हाच शब्द असतो. राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे इंजिन ज्याने सुमारे सहा आठवड्यांत घडविले, तो चार्ल्स टेलर मेकॅनिकच होता. त्याचा २४ मे हा जन्मदिवस तेथे विमान तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात. म्हणजे जो शब्द ऐकून आमच्या पाहुण्यांचा चेहरा उतरतो, तोच शब्द तेथे अभिमानाने सांगतात.

तरीही दादाचे बरोबर होते असे आता मला वाटते. १० जून १९९० रोजी इंग्लंडमध्ये एका प्रवासी विमानाची पुढची काच आकाशात निखळली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सुदैवाने सगळे वाचले. आदल्या दिवशीच ती काच बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट किंचित कमी जाडीचे निघाले. काम करणारा नवखा नव्हता, चांगला अनुभवी होता. पण त्याने यादीतला क्रमांक न पाहता जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून नवे घेतले होते. ज्या धंद्यात 'जवळजवळ तेवढाच' बोल्ट चालत नाही, तेथे 'जवळजवळ इंजिनिअर' कसा चालेल? आज सोयरिकीच्या कागदावर जो खोटे लिहील, तो उद्या विमानाच्या कागदावर काय लिहील?

परंतु म्हणून तंत्रज्ञ कमी प्रतीचा ठरत नाही. सही एकाची असली तरी बोल्ट दुसऱ्याच्या हाताने आवळलेला असतो. जुलै २०२२ मध्ये एका मोठ्या विमान कंपनीचे तंत्रज्ञ कमी पगाराच्या निषेधार्थ एकदम आजारपणाच्या रजेवर गेले होते. विमानात बसणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांची आठवण झाली असेल? परवानाधारकाला नुसता मेकॅनिक म्हणणे हा अन्याय, तंत्रज्ञाला इंजिनिअर म्हणणे हे असत्य, आणि 'तंत्रज्ञ' ऐकून नाक मुरडणे हा आपला दोष. हाताला तेल लागले की माणूस खालचा, ही समजूत आपण शिकलेल्यांनी तरी सोडली पाहिजे.

यंदा दिवाळीला दादा आला तेव्हा पिशवीत परीक्षेची पुस्तके होती. काही पेपर सुटले आहेत, काही राहिले आहेत. पाहुणे आले तेव्हा तात्यांनी सवयीने सुरुवात केली, "पोरगा इमानात हाय..." आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "विमानाचा तंत्रज्ञ आहे. इंजिनिअरची परीक्षा देतोय." दादा काही बोलला नाही. पुस्तक उघडून ओट्यावर जाऊन बसला.