जुन्या जीपची नवी ठिणगी

तुमच्या गावात एखादी जुनी जीप आहे का? ताडपत्रीचं छप्पर, पुढे दोन गोल डोळ्यांसारखे दिवे आणि मागे समोरासमोर दोन बाक. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या डोंगरी भागात, अशी एखादी जीप अजूनही गोठ्याच्या शेजारी उभी दिसते. कोंबड्या तिच्या बॉनेटवर बसतात. पण मालकानं किल्ली फिरवली की म्हातारी खोकत का होईना, जागी होते!

या जीपचं मूळ घराणं अमेरिकेतलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. चिखल, वाळू, चढ, काहीही असो, चारही चाकांना जोर मिळत असल्यामुळे ती पुढे सरकायचीच. युद्ध संपलं आणि काही वर्षांतच मुंबईत महिंद्र कंपनीनं विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे आपल्याकडेच पूर्ण जीप तयार होऊ लागल्या. पेट्रोल महागलं तसं अनेकांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. त्यामुळे मूळ पेट्रोल इंजिनाची जीप आता कमीच सापडते.

अशीच एक जीप मी मागच्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाहिली. गगनबावड्याकडच्या एका शेतकऱ्याची. त्यांची वस्ती डांबरी रस्त्यापासून बरीच आत. पावसाळ्यात वाटेचा नुसता राडा होतो, रुग्णवाहिका वरपर्यंत येत नाही. मग कुणी आजारी पडलं की ही जीपच त्याला खाली रस्त्यापर्यंत आणते. पण आधीच्या पावसाळ्यात एका रात्री एका आजीला आणताना जीप निम्म्या वाटेत बंद पडली. किल्ली मारून मारून बॅटरी उतरली. शेवटी चार जणांनी घोंगड्याची झोळी करून आजीला खाली नेलं. आजी वाचली, पण शेतकऱ्यानं ठरवलं, की पुढच्या पावसाच्या आत जीपचं दुखणं काढायचंच.

दुखणं कुठलं? ठिणगीचं!

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण दाबलं जातं. ते पेटवायला अगदी नेमक्या क्षणी ठिणगी लागते. (डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात, की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. तिथे ठिणगीचं काम नाही.) ही ठिणगी प्लगच्या टोकाशी पडते. त्यासाठी पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात, आणि जीपच्या बॅटरीत असतात फक्त १२! अगदी जुन्या विलीजमध्ये तर ६ च.

मग १२ चे वीस हजार कसे होतात? इथे आपले मायकेल फॅरडे मदतीला येतात. चुंबकाचा जोर अचानक बदलला, की जवळच्या तारेत वीज उत्पन्न होते, हे त्यांनी १८३१ मध्ये दाखवलं. जीपच्या कॉइलमध्ये लोखंडाभोवती दोन तारा गुंडाळलेल्या असतात. एक जाड, थोड्या वेढ्यांची. दुसरी केसासारखी बारीक, हजारो वेढ्यांची. जाड तारेतून बॅटरीची वीज गेली की लोखंडाचं चुंबक होतं. ती वीज एकदम तोडली की चुंबक झटक्यात नाहीसं होतं आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा तडाखा तयार होतो. म्हणजे गंमत बघा, ठिणगी वीज जोडल्यानं पडत नाही, तोडल्यानं पडते!

ही तोडातोड करतात ते पॉइंट. डिस्ट्रिब्युटर नावाच्या डब्यात दोन छोट्या धातूच्या टिकल्या एकमेकींना चिकटून असतात. मध्ये फिरणाऱ्या दांड्याला चार उंचवटे. उंचवटा आला की टिकल्या विलग होतात, साधारण अर्धा मिलिमीटर. झाली ठिणगी. ती कोणत्या सिलिंडरला पाठवायची हे वर फिरणारा रोटर ठरवतो. जीपमध्ये क्रम असतो १, ३, ४, २. ही पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास मोटारीत आणली आणि पुढची साठेक वर्षं जगभरच्या गाड्या तिच्यावर धावल्या.

आता वही-पेन्सिल घ्या. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतंय. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला किती? ६०००. सेकंदाला? १००! म्हणजे त्या इवल्याशा टिकल्या सेकंदात शंभर वेळा उघडतात, मिटतात. तासाभरात ३ लाख ६० हजार वेळा. दर उघडण्याला थोडं जळणं आलंच. ते कमी व्हावं म्हणून शेजारी काँडेन्सर असतो. तरीही एका टिकलीवर खड्डा पडतो, दुसरीवर टेंगूळ येतं. उंचवट्यावर घासणारा फायबरचा तुकडा झिजतो, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते. मग गाडी ‘मिसिंग’ मारते, काळा धूर सोडते, पेट्रोल पिते.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर उघडून मला हे सगळं दाखवलं. “गुरुजी, ह्यो दांडा हलवून बघा की,” ते म्हणाले. मी हलवला तर तो चक्क डुगडुगत होता. आतला बुश झिजला होता. दांडाच डुगडुगला तर फट प्रत्येक फेरीला वेगळी, मग ठिणगी वेळेवर कशी पडणार? दुसऱ्या शहरात कदाचित ‘नवीन डिस्ट्रिब्युटर आणा’ म्हणाले असते. इथे मिस्त्रींनी पोराला हाक मारली, पोरगा पलीकडच्या लेथवर गेला आणि तासाभरात गनमेटलचा नवा बुश हजर! ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तिथे बुश काय मोठी गोष्ट म्हणा.

मग आला नवा साज. पॉइंट आणि काँडेन्सर काढून टाकले. दांड्यावर चार चुंबकं बसवलेली एक कडी घातली आणि पॉइंटच्या जागी काळा, काड्यापेटीएवढा ठोकळा बसवला. चुंबक समोरून गेलं की ठोकळ्याला ते कळतं. कसं? १८७९ मध्ये एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्यानं सोन्याच्या वर्खातून वीज सोडून जवळ चुंबक धरलं, तर वर्खाच्या दोन कडांमध्ये हलकासा व्होल्टेज दिसला. त्याला हॉलचा परिणाम म्हणतात. त्याच तत्त्वावर हा ठोकळा चालतो. चुंबकाची चाहूल लागली की आतला ट्रान्झिस्टर कॉइलची वीज तोडतो. कुठे काही घासत नाही, जळत नाही. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं १९७३ पासून आपल्या सगळ्या मोटारींत अशी इलेक्ट्रॉनिक पद्धत दिली होती. जीपला ती मिळायला पन्नास वर्षं लागली, एवढंच.

मला वाटलं, झालं काम. पण मिस्त्रींनी मान हलवली. “पावसात बंद पडत हुती न्हवं? मग खरा चोर दुसराच हाय.” त्यांनी जुनी कॅप आणि वायरी परत लावल्या, शटर ओढून अंधार केला, बाटलीतून कॅपवर पाण्याचा फवारा मारला आणि इंजिन चालू केलं. आणि काय आश्चर्य! कॅपवर निळ्या, बारीक ठिणग्या मुंग्यांसारख्या सरपटताना दिसल्या. कॅपला केसाएवढी चीर होती. ओल आली की वीज प्लगकडे जायच्या ऐवजी त्या चिरेतून पळत होती. नुसता ठोकळा बसवून जीप घरी नेली असती, तर पहिल्याच पावसात पुन्हा तेच रडगाणं! कॅप, रोटर आणि प्लगच्या वायरी नव्या घातल्यावर फवारा मारला, तर सगळं काळंकुट्ट. एकही मुंगी नाही.

(हा खेळ तुम्ही घरी अजिबात करायचा नाही, बरं का! चालू इंजिनाच्या या वायरींचा झटका जबरदस्त बसतो, आणि जवळ पेट्रोल असतं.)

शेवटी टायमिंग. पिस्टन अगदी वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते, कारण मिश्रण पेटायलाही वेळ लागतो. लुकलुकणाऱ्या दिव्याची बंदूक खुणेवर रोखली की फिरणारी खूण जागेवर थांबल्यासारखी दिसते. मग डिस्ट्रिब्युटर केसभर इकडे, केसभर तिकडे. आवाज एकसारखा झाला आणि मिस्त्रींनी बोल्ट आवळला.

शेतकऱ्याच्या मनात मात्र एक शंका होती. “मिस्त्री, पॉइंट बिघडला तर मी रस्त्यात पॉलिश पेपरनं घासून गाडी चालू करतो. ह्यो ठोकळा बिघडला तर काय करू?” प्रश्न मला एकदम बरोबर वाटला. ठोकळा वर्षानुवर्षं चालेल, पण गेला की गेलाच. तो उघडून दुरुस्त करता येत नाही. शिवाय इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून गाणी ऐकत बसलं, तर कॉइल आणि ठोकळा तापून खराब होऊ शकतात.

मिस्त्रींनी यावर वाद घातला नाही. जुने पॉइंट आणि काँडेन्सर पुसले, टिकल्यांवरून पॉलिश पेपर फिरवला आणि एका रिकाम्या तंबाखूच्या डबीत घातले. सोबत छोटा स्क्रू ड्रायव्हर, फट मोजायची पट्टी आणि कुठली वायर कुठे, याचं कागदावर काढलेलं चित्र. मग मालकालाच बसवून दोनदा पॉइंट बसवून-काढून घेतले. दुसऱ्या वेळी त्यांना वीस मिनिटं लागली. “अंधारात बॅटरी तोंडात धरून अर्धा तास धरा,” मिस्त्री म्हणाले, आणि डबी सीटखाली ठेवली.