चार तारा, बारा घरं

जुनं सिनेमातलं गाणं लागलं की आपण शब्द गुणगुणतो, फार तर मधली बासरी. खाली जे ‘दुम् दुम्’ चाललेलं असतं तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. पण ते काढून घेतलं, तर तेच गाणं एकदम पोकळ वाटेल! आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात हे काम टोनी वाझ करायचे. वाद्याचं नाव बेस गिटार. साध्या गिटारला सहा तारा, हिला बहुधा चारच. पण जाडजूड आणि एक सप्तक खाली लावलेल्या. दिसायला मागे, पण सगळ्यांना धरून ठेवणारी. ओळखीचं वाटतंय ना?

शिकागोजवळ राहणारी माझी मामेबहीण वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी हे वाद्य शिकली. मुलगा शिकायला दूर गेला, त्याची बेस गिटार कपाटात राहिली. गावातल्या एका कॅफेत महिन्यातून एकदा ‘ब्लूज जॅम’ असतो. म्हणजे ज्याला येईल त्याने वाद्य घेऊन यायचं, नाव लिहायचं आणि अनोळखी लोकांबरोबर दोन-तीन गाणी वाजवायची. तिने तिथे जायचं ठरवलं. मामी फोनवर म्हणाली, “अगं, आता या वयात?” त्यावर हिचं उत्तर मला फार आवडलं. “आई, इतकी वर्षं मी प्रत्येक कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी होते. मला एकदा तरी गाण्याच्या आत उभं राहायचंय.”

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं गाणं. गुलामगिरी संपली तरी राबणं, गरिबी आणि अपमान संपले नव्हते. ते सगळं त्यात उतरलं. आणि बायका त्यात पहिल्यापासून आहेत बरं! १९२० साली मेमी स्मिथ यांनी गायलेलं ‘क्रेझी ब्लूज’ तुफान खपलं आणि ब्लूजच्या रेकॉर्डचा बाजार उघडला. पुढे मा रेनी आणि बेसी स्मिथ यांनी तो गाजवला. नवऱ्याचं वागणं, एकटेपण, पोटाची चिंता हे त्यांच्या गाण्यांचे विषय. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना ते परके वाटले नसते.

आता हे शिकायला किती वेळ लागतो? मोठी वादक व्हायला जन्म जातो. पहिल्या जॅमला उभं राहायला मात्र थोडक्या गोष्टी पुरतात. बहिणीने रोज वीस मिनिटं, असे दोन महिने काढले.

पहिली गोष्ट बारा घरांची. चार मात्रांचं एक घर, त्याला इंग्रजीत ‘बार’ म्हणतात. (दारूचा नव्हे!) अशी १२ घरं, म्हणजे ४८ मात्रा, की एक आवर्तन पूर्ण. बहुतेक ब्लूज याच साच्यात फिरतो. सूर तीनच लागतात. ‘ए’ या पट्टीला सा मानलं, तर डी म्हणजे मध्यम आणि ई म्हणजे पंचम. पहिली ४ घरं ए, मग २ डी, २ ए. नंतर १ ई, १ डी आणि शेवटची २ ए. बारावं घर पुष्कळदा ई वर नेतात, म्हणजे कान आपोआप पुन्हा समेकडे वळतो.

गंमत पुढेच आहे. बेस गिटारच्या चार तारा ई, ए, डी आणि जी. म्हणजे या पट्टीतले तिन्ही सूर मोकळ्या तारांवरच सापडतात! डावा हात न लावताही अख्खं आवर्तन वाजवता येतं. तेवढं स्थिर झालं, की प्रत्येक सुरावरून सा-ग-प-ध अशी पावलं टाकायला शिकायचं.

दुसरी गोष्ट लय. ब्लूजमध्ये ‘शफल’ नावाची डुलती चाल असते. एका मात्रेचे तीन भाग करा. पहिल्यावर आणि तिसऱ्यावर आघात, मधला रिकामा. भाजी चिरताना, चालताना, कुठेही तोंडाने म्हणता येतं. बेसवाल्याने एखादा सूर चुकवला तर लोक माफ करतात, पण लय सुटली तर सगळ्यांचीच फजिती.

तिसरी गोष्ट ऐकणं. ब्लूजमध्ये पुष्कळदा एक ओळ गातात, तीच पुन्हा गातात आणि तिसऱ्या ओळीत उत्तर देतात. प्रत्येक ओळीला ४ घरं. त्यामुळे हरवलात तरी वाट सापडते. ओळ दुसऱ्यांदा सुरू झाली, की पाचवं घर, म्हणजे डी. उत्तराची ओळ आली, की नववं, म्हणजे ई. तरी नाहीच सापडलं, तर आवाज कमी करायचा, गिटारवाल्याचा हात बघायचा आणि पुढच्या समेवर परत यायचं.

तिथली बोलीही कानावर असावी. ‘क्विक चेंज’ म्हणाले तर दुसऱ्याच घरात डी वर जायचं. ‘फ्रॉम द फाइव्ह’ म्हणाले तर सुरुवात शेवटच्या चार घरांपासून, म्हणजे ई वरून. न कळल्यास सरळ विचारावं. तारा आधी जुळवून ठेवाव्यात आणि गायिकेच्या वर आवाज जाऊ देऊ नये.

बहीण दोन गाणी वाजवून आली. दुसऱ्यात मधेच हरवली, उत्तराच्या ओळीला परत सापडली. उतरताना ढोलवाल्या आजोबांनी विचारलं, “पुढच्या महिन्यात येणार ना?” एवढंच, पण त्या रात्री तिने मला फोन केला तेव्हा आवाज एकदम विशीतला!

या वाद्याने बायकांना नुसता विरंगुळाच दिला असं नाही. अमेरिकेतल्या कॅरोल के गिटार वाजवून घर चालवत होत्या. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांनी बेस हाती घेतला आणि पुढे हजारो रेकॉर्डिंग केली. आपल्या मुंबईची मोहिनी डे वडिलांकडे बेस शिकली आणि ए. आर. रहमान, झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवून जगभर पोचली.

आपल्या गावात ब्लूज जॅम नसेल. पण भजनी मंडळ असतं, कोजागरीची मैफल असते, शाळेतल्या बाईंची पेटी असते. तिथेही नियम तोच. सगळं आल्यावर जाऊ म्हटलं तर जाणं होत नाही. एक आवर्तन न चुकता धरता आलं, की आपलं नाव यादीत लिहून टाकावं. बाकीचं तिथे, चार जणींत बसूनच येतं.