फाइलीचे आडनाव

मंडळी, लग्नाची पत्रिका पूर्वी हळदकुंकू लावून घरी यायची. आता ती मोबाइलवर येते. अशा आलेल्या कागदाला, फोटोला फाइल म्हणतात.

2025 सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. आपल्या मराठवाड्यातच, हिंगोलीला, एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे आमंत्रण आले. नंबर अनोळखी. खाली पत्रिकेसारखी फाइल. त्यांनी ती दाबली, आणि बँकेतले सुमारे 1,90,000 रुपये गेले! शिकलेला माणूस बरं का. अडाणीच फसतो, ही समजूत खोटी आहे.

झाले काय? ती पत्रिका नव्हतीच. फाइलीला माणसासारखे नाव असते आणि आडनाव असते. मध्ये एक टिंब. आडनाव ‘जेपीजी’ असेल तर तो फोटो. ‘पीडीएफ’ असेल तर कागद. आणि ‘एपीके’ असेल तर? तो कागद नव्हे. ते अ‍ॅप, म्हणजे काम करणारे यंत्र. ते मोबाइलात बसले, तुम्ही परवानगी दिली, की तुमचे मेसेज वाचते. बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो ना!

नाव कोणीही काहीही ठेवील. भुशाच्या पोत्यावर ‘शाळू’ लिहिले म्हणून आत शाळू निघत नाही. पण आडनाव बदलून चोराचे भागत नाही. एपीकेला फोटोचे आडनाव दिले, तर मोबाइल तिला फोटो समजतो. अ‍ॅप बसतच नाही. म्हणून चोर दोन आडनावे लावतो : ‘लग्नपत्रिका टिंब पीडीएफ टिंब एपीके’. खरे आडनाव शेवटचे. विंडोजच्या कॉम्प्युटरवर तर हे शेवटचे आडनाव मुळात झाकलेलेच असते. 2000 सालच्या मे महिन्यात याच युक्तीने एक खोटे प्रेमपत्र जगभर फिरले आणि लाखो कॉम्प्युटर बिघडले.

माझ्याही मोबाइलवर ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली होती. चष्मा लावून शेवट पाहिला. एपीके! लगेच पुसली. ही तीन अक्षरे इंग्रजी आहेत. येत नसतील तर नातवाकडून आजच पाटीवर गिरवून घ्या.

आता लपलेल्या कोठ्या. फाइली ठेवायच्या कोठीला फोल्डर म्हणतात. अँड्रॉइड मोबाइलात फोल्डरच्या नावाआधी टिंब दिले की ते दिसेनासे होते. आपल्याकडे पेवात ज्वारी भरून वर माती सारखी करीत, तसेच. पेवाला कुलूप नसे, नुसते झाकण. इथेही सेटिंगमध्ये ‘लपलेल्या फाइली दाखवा’ केले की सारे दिसते. मात्र दिसले ते पुसत सुटू नका. मोबाइल आपले स्वतःचे सामानही तिथेच ठेवतो.

चुकून एपीके दाबली गेलीच तर? आधी मोबाइलचे इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा आणि 1930 हा सरकारी नंबर लावा. लाजून रात्र घालवू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळले, तर ते अडवता येतात.