क्षमा आणि संसार

हिवरे बाजारात काय किंवा नगर शहरात काय, संसारात मने दुखावतातच. ख्रिस्ती धर्म सांगतो की, देवाची क्षमा मागणाऱ्याने अपराध्यासही क्षमा करावी. ते कसे साधते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या नगरास पतीजवळ राहावयास आल्या, त्या आपला आचार सांभाळूनच. टिळकांनीही सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिताना त्यांनी पतीचे दोष झाकले नाहीत आणि कडवटपणाही बाळगला नाही. तेव्हा क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे, शरणागतीही नव्हे. घडले ते स्पष्ट सांगावे. त्याची वसुली मात्र सोडावी, इतकेच आम्ही म्हणू.