भरपाई मिळाली, पण कुणाला? मॉरिशसचा हिशेब

गुलामगिरीच्या भरपाईचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास कानावर येतो: 'इतक्या जुन्या अन्यायाची किंमत आता कशी काढणार?' पण ती एकदा काढली गेली होती, पैसेही चुकते झाले होते. फक्त ते गुलामांना मिळाले नाहीत.

ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि २ कोटी पौंडांची भरपाई ठरवली. सरकारच्या त्या वेळच्या वार्षिक खर्चाच्या साधारण ४० टक्के! ही रक्कम मालकांसाठी होती, कारण कायद्याच्या लेखी नुकसान झालं ते मालमत्तेचं. मुकादम, कारागीर, शेतमजूर, सहा वर्षांखालचं मूल असे वर्ग पाडून दर लावले गेले.

आपल्याला जवळचं उदाहरण मॉरिशसचं. तिथल्या सुमारे ६६ हजार गुलामांपोटी मालकांना सुमारे २१ लाख पौंड मिळाले. भागाकार केला तर माणशी ३२ पौंडांच्या आसपास. १८३५ मध्ये 'मुक्त' झालेल्यांना मात्र उमेदवारीच्या नावाखाली १८३९ पर्यंत त्याच मालकांकडे राबावं लागलं. शेतावरच्या माणसाला आठवड्याला कमाल ४५ तास, तेही बिनपगारी. चार वर्षांचे माणशी नऊ हजारांवर तास होतात. म्हणजे भरपाईचा दुसरा हप्ता गुलामांनीच घामाने भरला.

मळेवाल्यांच्या हाती असं भांडवल आलं. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जाऊ लागले होते. पुढे मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपली कोकणातली माणसंही होती. मॉरिशसचा आजचा मराठी समाज त्यांचाच वंशज. स्वस्त मजुरांचा पुरवठा वाढला, तशी मुक्त झालेल्यांची मजुरीसाठी घासाघीस करायची ताकद कमी झाली. एकाच व्यवस्थेने दोघांनाही स्वस्तात राबवलं.

या भरपाईसाठी ब्रिटनने दीड कोटी पौंड कर्ज काढलं होतं. रोखे बदलत बदलत ते पुरतं फिटलं २०१५ मध्ये. तोवर ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या गुलामांच्या वंशजांचाही त्यात हातभार लागला.

मॉरिशसने २००९ मध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमला. गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी या दोन्हींचे परिणाम त्याने तपासले, हिरावलेल्या जमिनींच्या तक्रारीही ऐकल्या. तेव्हा भरपाई म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे; जमीन, शिक्षण, संधी हेही त्यात आलं. आणि 'फार जुनं झालं' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावं: मालकांसाठी काढलेलं कर्ज १८० वर्षं लक्षात राहतं, मग गुलामांचं देणं तेवढं जुनं कसं होतं?