इंजिनाचा धूर काय सांगतो?

एन. सी. सी.च्या हवाई शाखेतली मुले छोटी विमाने उडवतात. त्यांतल्या ग्लो इंजिनाला ठिणगी लागत नाही. प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला बॅटरीने तापवायची. पुढे मेथॅनॉलच्या ज्वलनाने ती आपोआप लाल राहते. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी असे प्लग बाजारात आणले.

वंगण वेगळे नसते. इंधनातच तेल, पुष्कळदा आपले एरंडेल, मिसळतात. म्हणून आधी धूर पाहावा. दाट धूर आणि जड आवाज म्हणजे इंधन जास्त. ते नियंत्रित करणारी सुई थोडी आत फिरवा. धूर नाहीसा आणि आवाज कर्कश, म्हणजे इंधन कमी. हे अधिक घातक, कारण इंधनाबरोबर वंगणही आटते आणि तापलेले इंजिन हवेतच बंद पडते. मग सुई बाहेर फिरवा.

तरी गुण आला नाही, तर सायलेन्सरचे स्क्रू तपासा. पुष्कळ इंजिनांत तिथला दाब नळीवाटे टाकीत जाऊन इंधन पुढे ढकलतो. सांधा सैल झाला की दाब पडतो, आणि आपण बिचाऱ्या सुईला दोष देतो!

उडवण्यापूर्वी विमान घट्ट धरून नाक वर करा. आवाज बसला, तर सुई किंचित उघडा. मात्र सुईला हात लावायचा तो पंख्याच्या मागूनच, हे मुलांना आधी शिकवा.