हब चालू आहे, पण बोलत नाही

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्यामुळे नेटवर्कमधले मोठे फेरबदल गुरुवारी उरकायचे आणि शुक्रवारी सकाळी तक्रारी ऐकायच्या, हा तिथल्या कामाचा रिवाजच होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अशाच एका शुक्रवारी, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. ईडीपी, म्हणजे संगणक विभागातल्या देखरेखीच्या संगणकावर, नेटवर्कच्या नकाशात मुख्य हब लाल दिसत होता. स्टोअर्समध्ये मात्र प्रिंटर नेहमीसारखा चालू होता. तिथले कारकून म्हणाले, "अहो साहेब, आमचं तर सगळं चालू आहे. तुम्ही बिघाड कसला शोधताय?"

प्रश्न रास्त होता. हबचं मूळ काम अगदी साधं आहे: एका पोर्टवर आलेला सिग्नल ताजा करून बाकीच्या पोर्टांवर पाठवायचा. त्यासाठी त्याला स्वतःचा आयपी पत्ता लागत नाही. पण तो ठीक आहे का, कोणत्या पोर्टवर चुका वाढल्यात, हे दुरून विचारायचं तर त्यात एक वेगळं मॅनेजमेंट कार्ड बसवावं लागतं. त्या कार्डाला पत्ता असतो, मास्क असतो, गेटवे असतो. थोडक्यात, हबच्या पोटात बसलेला तो एक छोटा संगणकच. तो अबोल झाला तरी हब आपलं काम करत राहतो. म्हणूनच हा बिघाड लोक महिनोन् महिने तसाच राहू देतात आणि खरी अडचण आली की हात बांधले जातात. एखादं बिघडलेलं नेटवर्क कार्ड सगळ्या सेगमेंटवर कचरा ओतू लागलं, तर तेवढाच पोर्ट जागेवरून बंद करता यायला हवा. नाहीतर एकेक केबल उपटत शेडमधून शेडमध्ये हिंडावं लागतं.

त्या काळचे मोठे हब सुट्या कार्डांचे असत. एक चौकट, तिच्यात खाचा, खाचांत पोर्टांची कार्डं, आणि मागच्या बॅकप्लेनवर एकाऐवजी अनेक इथरनेट मार्ग. कोणतं कार्ड कोणत्या मार्गावर, हे आदेश देऊन ठरवता येई. प्रत्येक मार्गाचे १० मेगाबिट त्यावरच्या सगळ्यांत वाटले जात. म्हणून गर्दी वाढली की विभाग वेगळ्या मार्गावर हलवायचा. गुरुवारी नेमकं तेच झालं होतं. ईडीपीचे संगणक दुसऱ्या मार्गावर गेले, त्यांना नवा सबनेट मिळाला आणि दोन्ही मार्ग राउटरने जोडले गेले. मॅनेजमेंट कार्ड पहिल्याच मार्गावर राहिलं.

माझी सुरुवात पिंगपासून. १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्राम अजूनही हातातलं पहिलं हत्यार आहे. ईडीपीतून पिंग केलं, उत्तर नाही. मग हिशेब विभागात, म्हणजे जुन्या मार्गावरच्या संगणकावर बसलो, तर पहिल्याच फटक्यात उत्तर. कार्ड जिवंत आहे, इतकं तिथेच कळलं. पुढे राउटरचा एआरपी तक्ता पाहिला. त्यात कार्डाचा हार्डवेअर पत्ता होता, याचा अर्थ राउटर त्याच्यापर्यंत पोचत होता. प्रश्न जात होता, उत्तर परत येत नव्हतं. अशा वेळी संशय एकाच जागी जातो: कार्डात गेटवे भरलेला नसणार. आपल्या सबनेटबाहेरच्या संगणकाला उत्तर कुठल्या वाटेने धाडायचं, हे त्याला ठाऊकच नाही.

याची खात्री कन्सोलवरच होते. सिरियल केबल, हायपरटर्मिनल, वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. इथे एक गोष्ट नवीन मुलांना मी आवर्जून सांगतो. फ्लो कंट्रोल 'हार्डवेअर'वर राहिलं, तर बऱ्याच केबलींवर पडद्यावर मजकूर उमटतो, पण तुमची एकही कळ पलीकडे पोचत नाही. मग उगाच कार्डावर संशय घेतला जातो. फ्लो कंट्रोल बंद करायचं. कन्सोलवर कार्डाच्या पत्त्यांचा तक्ता उघडला तर गेटवेच्या जागी चार शून्यं. पत्ता भरला आणि ईडीपीतून पिंगला उत्तर आलं.

नकाशावरचा हब तरीही लालच. आता मामला एसएनएमपीचा, म्हणजे दुरून देखरेख करण्याच्या नियमावलीचा होता. १९९० च्या आरएफसी ११५७ मध्ये या नियमावलीची पहिली आवृत्ती पक्की झाली. प्रश्न यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जातात आणि प्रत्येक प्रश्नासोबत कम्युनिटी स्ट्रिंग नावाचा परवलीचा शब्द जातो. तो चुकला तर कार्ड "चुकला" असं कळवत नाही, गप्प राहतं. विचारणाऱ्याला बंद पडलेलं कार्ड आणि रुसलेलं कार्ड सारखंच दिसतं. शिवाय अनेक कार्डांत ज्यांना विचारण्याची परवानगी आहे अशा संगणकांची यादी असते. इथे परवलीचा शब्द बरोबर होता, लहानमोठ्या अक्षरांसकट. यादीत मात्र देखरेखीच्या संगणकाचा जुना पत्ता होता. तो बदलला आणि हब हिरवा झाला.

बहुतेक जण इथे केबल गुंडाळतात. पण संकटाची वर्दी कार्ड आपणहून देतं, ती ट्रॅपने, १६२ क्रमांकाच्या पोर्टवर, आणि ती कुणाला द्यायची याची यादी वेगळी. तिथेही जुनाच पत्ता होता. म्हणजे हब हिरवा दिसला असता आणि पोर्ट पडल्याची खबर, आता कुणाचाच नसलेल्या पत्त्यावर जात राहिली असती. ती यादी सुधारली आणि देखरेखीच्या संगणकावरून मुद्दाम चुकीचा परवलीचा शब्द धाडला. ताबडतोब ओळख पटली नसल्याचा ट्रॅप पडद्यावर आला. ट्रॅप खरोखर पोचतो का, हे पाहण्याची इतकी सोपी चाचणी मला दुसरी ठाऊक नाही. फक्त तो ट्रॅप कार्डात चालू ठेवलेला हवा.

शेवटी बदल कायमस्वरूपी जतन करण्याचा आदेश. तो राहिला तर पुढच्या गुरुवारी वीज गेल्यावर सगळं पूर्ववत.

हब आता इतिहासजमा झाले. पण सुट्या कार्डांच्या मोठ्या स्विचमध्येही देखरेखीची वाट वेगळीच असते आणि ती अशीच मुक्यानं तुटते. तेव्हा ज्यांच्याकडे अशी रॅक आहे त्यांना एवढीच विनंती: रॅकच्या दाराच्या आत कन्सोल केबल टांगून ठेवा, शेजारी कागदावर पत्ता, मास्क, गेटवे आणि ट्रॅप घेणाऱ्यांची यादी लिहा, आणि सबनेट बदलाल त्याच दिवशी तो कागदही बदला.